रस्त्याच्या पडद्यावरील मोटार : झाडीपट्टींतील एका उपेक्षित साधनाचा विचार

१

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. सनदा, महजर, शकावल्या, ताम्रपट, शिलालेख हीं आमचीं नित्याचीं साधनें. त्यांच्या पंक्तीस नाटकाच्या पडद्यावर रंगविलेली मोटार आणून बसविणें पुष्कळांस थट्टेचें वाटण्याचा संभव आहे. परंतु साधनाचें मोल केवळ त्याच्या वयावरून ठरत नसतें. त्यास कोणता प्रश्न विचारावा व कोणता विचारूं नये हें ज्यास समजलें, त्याच्याशीं कालचा कागदही बोलतो; ज्यास तें समजलें नाहीं, त्याच्या हातीं ताम्रपटही मुकाच राहतो. रंगविलेल्या पडद्यांच्या बाबतींत तर विलंब परवडण्यासारखा नाहीं. तांबें व दगड शतकानुशतकें वाट पाहतात. खळीचें कापड तशी वाट पाहत नाहीं.

विचारासाठीं आम्ही वैनगंगेच्या कांठचा भंडारा जिल्हा घेतला आहे. हा प्रदेश इतिहासास नवा नाहीं. रतनपूरच्या कलचुरी जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत, त्यास वार्षिक देणें देणाऱ्या मंडलांमध्यें लांजिका व भाणार हीं नांवें येतात. त्यांतील भाणार म्हणजे भंडारा असें अभ्यासक मानतात. याच जिल्ह्यांतील पवनी येथें १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. शिल्पांतून व लेखांतून जुना काळ वाचण्याची संवय या भूमीच्या अभ्यासकांस अशी पूर्वींपासून आहे. तीच दृष्टि जवळच्या काळाकडे वळवावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

भंडारा, १ मे १९९९ रोजीं त्यांतून वेगळा झालेला गोंदिया, आणि चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा व रानाचा मुलूख झाडी किंवा झाडीपट्टी या नांवानें ओळखला जातो. येथील बोली, दंडार व इतर लोककला यांच्या अभ्यासास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्यांनीं आयुष्य वाहिलें. दिवाळी झाली, धान हातीं येऊं लागला, म्हणजे गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर चालणारीं नाटकें लागतात. लोक कोसा-दोन कोसांवरून बंड्या जुंपून येत. बैल सोडून, बंडीच्या आडोशास पोरें निजवून, पहांटेपर्यंत खेळ पाहत. या नाटकांच्या मागें जे पडदे सुटतात, त्यांतील एक रस्त्याचा. त्या रस्त्याच्या पडद्यावरील शहर व त्या शहरांतली ऐटदार मोटार हा आमच्या लेखाचा विषय होय.

२

प्रथम या जातीच्या पडद्याची ठेवण सांगतों. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हां मागें एक पडदा एवढाच थाट असे. पात्रांनीं सांगावें, सूत्रधारानें वर्णावें आणि प्रेक्षकांनीं कल्पावें. मुंबईच्या पारशी मंडळ्यांनीं रंगीत देखाव्यांचे गुंडाळी पडदे प्रचारांत आणले. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यास रंगभूमीवर आलें, आणि त्यापुढील नाटकमंडळ्यांच्या काळांत पडद्यांचा संच हें मंडळीचें भांडवल होऊन बसलें. राजवाडा, अरण्य, उद्यान, देऊळ, तुरुंग हे त्यांतील ठरीव पडदे. पुढें सामाजिक नाटकें आलीं तसे त्यांच्या जोडीस दिवाणखाना व रस्ता हे आले. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव मिस्त्री, ज्यांस लोक पेंटर म्हणूनच ओळखतात, यांनीं नाटकमंडळ्यांसाठीं पडदे रंगविले. ललितकलादर्श मंडळीचे पडदे रंगविणारे पु. श्री. काळे यांचें नांव त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या तोंडीं असे. थोरांची नांवें अशीं टिकलीं. खेड्यापाड्यांतल्या मंडळांस पडदे करून देणारे चितारी मात्र बहुशः निनांवी राहिले.

रस्त्याच्या पडद्याची रचना साधारणतः एकाच सांच्याची असते. पडद्याच्या मधोमध खालून रुंद रस्ता निघतो व वर जातां जातां निमुळता होऊन एका बिंदूंत नाहींसा होतो. दोन्ही बाजूंस कमानी, सज्जे, घुमट किंवा गच्च्या असलेल्या इमारतींच्या रांगा. पदपथावर दिव्यांचे खांब. कोठें कारंजें, कोठें झाडांची ओळ. विसाव्या शतकांत या देखाव्यांत मोटारीची भर पडली. प्रत्येक पडद्यावर ती असतेच असें नाहीं. पण जेथें असते तेथें ती मालवाहू लॉरी नसते, एस्. टी.ची गाडीही नसते. लांब नाकाची, मोठ्या दिव्यांची, चाकांवर कमानदार पंखे असलेली अशी ती श्रीमंताची मोटार असते. रस्त्यावर धूळ नसते, गर्दी नसते, हातगाडीही नसते.

दूरचें लहान व जवळचें मोठें दाखविण्याची ही युक्ति आमच्या जुन्या भित्तिचित्रांत अशी काटेकोर नव्हती. ती पाश्चात्य पद्धतीच्या चित्रशिक्षणांतून, विशेषतः १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या वळणांतून, इकडे रुजली आणि पुढें गुरूकडून शिष्याकडे चितारी लोकांत उतरली. तेव्हां खेड्यांतला रस्त्याचा पडदा हा केवळ शहराचा देखावा नव्हे. शहर पाहण्याची एक नवी रीतही त्याबरोबर गांवांत आली, असें म्हणावें लागतें.

३

वाहनाचें चित्र आमच्या देशांत पूर्वीं नव्हतें असें नाहीं. रथ, अंबारी, मेणा, पालखी यांचीं चित्रें व शिल्पें विपुल आहेत. परंतु त्या वाहनांत व मोटारींत एक भेद आहे, आणि आमच्या मतें या सर्व प्रकरणाचें मर्म त्या भेदांत आहे.

मराठेशाहींत पालखी ही विकत घेऊन बसावयाची वस्तु नव्हती. पालखीचा मान सरकारांतून मिळावा लागे. मान मिळाला म्हणजे भोई व इतर सरंजाम यांच्या खर्चाची नेमणूक होई, आणि ती नेमणूक दफ्तरांत दाखल होई. अबदागीर, चवरी, नौबत यांची हीच गोष्ट. एखाद्या सावकारापाशीं शंभर पालख्या घेण्याइतका पैसा असला तरी तेवढ्यावरून त्यास पालखीचा मान आला, असें होत नसे. म्हणून जुन्या चित्रांत पालखी दिसली म्हणजे आंत बसलेल्याचा दर्जा कळतो. तें चित्र एका अर्थीं सनदेचें रूप असतें.

मोटारीस सनद लागत नाहीं. १९१४ च्या हिंदी मोटार कायद्यानें गाडीची नोंद व हांकणाराचा परवाना लागूं झाला खरा. परंतु तो परवाना मानाचा नव्हे, नियमनाचा. मोल देईल त्याची मोटार. प्रारंभीं संस्थानिकांनीं तिला जुन्या अंबारीच्या जागीं बसवून तिच्यांतूनही मान काढण्याचा यत्न केला. १९०८ सालीं मुंबई-कोल्हापूर मार्गावर घाट चढतउतरत सुमारें ६२० मैलांची मोटारींची कसोटी झाली. तींत विजयी ठरलेली रोल्स-रॉइस गाडी, जिला ‘पूर्वेचा मोती’ अशा अर्थाचें इंग्रजी नांव होतें, ती पुढें ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं घेतली. परंतु जी वस्तु शिंदे सरकार विकत घेतात तीच वस्तु मुंबईचा गिरणीवाला व दलालही विकत घेतो, हें एकदां घडूं लागल्यावर वाहनाचा मान दरबारच्या हातून सुटला व बाजाराच्या हातीं गेला.

रस्त्याच्या पडद्यावरील मोटार या स्थित्यंतराची साक्ष देते. राजवाड्याच्या पडद्यावर सिंहासन असतें व त्यावर कोणी बसावें हें ठरलेलें असतें. रस्त्याच्या पडद्यावरील मोटारींत बहुधा कोणी ओळखूं येण्याजोगें बसलेलें नसतें. ती कोणाचीही असूं शकेल. समोर जमिनीवर बसून पाहणाऱ्या कुणब्यास, कोष्ट्यास वा ढिवरास सिंहासनावर आपण बसूं असें कधीं वाटलें नसेल. परंतु त्या रिकाम्या मोटारीविषयीं, निदान पोराबाळांच्या बाबतींत, तसें वाटण्यास मज्जाव नव्हता. गांवांत पालखीचा मान जाऊन पैशाचा मान आला ही गोष्ट कोणत्याही कागदांत एका ओळींत लिहिलेली सांपडणार नाहीं. पडद्यावर ती रंगविलेली आहे.

४

आतां असें पहावें कीं, ही मोटार भंडाऱ्याच्या पडद्यावर आली कोठून. नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग १८८० नंतरच्या वर्षांत या जिल्ह्यांतून गेला. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला. भंडारा शहर लोहमार्गापासून आडबाजूस राहिलें. त्याचें स्टेशन वरठी येथें, भंडारा रोड या नांवानें झालें. शहरावरून जाणारी वाट म्हणजे नागपूरहून रायपुराकडे जाणारा पूर्वेचा मोठा रस्ता. पुढें तोच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला व नव्या क्रमांकानुसार आज तो ५३ आहे. तात्पर्य, वाहन पाहण्यास भंडाऱ्याचे लोक मुकले होते असें नाहीं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या व तुमसर भागांतील मॅंगनीज खाणींच्या निमित्तानें येणाऱ्यांच्या गाड्या या रस्त्यांवर दिसत असणार. पण पडद्यावरील गाडी ही या रस्त्यावरची गाडी नव्हे, कारण तिच्या भोंवतींचें शहर भंडारा नव्हे आणि बहुतेक ठिकाणीं नागपूरही नव्हे.

येथें एक राजकीय गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा मध्यप्रांतांत व त्यानंतर मध्यप्रदेशांत होता व त्याची राजधानी अवघ्या साठेक किलोमीटरांवरील नागपूर ही होती. १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. म्हणजे सरकारदरबारच्या कामासाठीं ज्या काळांत भंडाऱ्याच्या माणसास मुंबईचें तोंड पाहण्याचें कारण नव्हतें, त्या काळापासून मराठी नाटकांबरोबर मुंबईच्या वळणाचा रस्ता त्याच्या समोर सुटत होता. राज्याची सीमा बदलण्यापूर्वीं रंगभूमीची सीमा बदलली होती. एका भाषेचे लोक एका राज्यांत येण्याची जी चळवळ झाली, तिच्या इतिहासांत ठराव, सभा व आयोगाचे अहवाल यांचा विचार होतो, आणि तो योग्यच आहे. पण दूरच्या मुलखांतील लोकांस मुंबई ही आपली वाटण्याची तयारी कशी झाली, हें शोधूं जातां अशा पडद्यांचाही विचार करावा लागेल.

नमुना मिळण्याचीं द्वारें तीन होतीं असें आम्हांस दिसतें. पहिलें, फिरत्या नाटकमंडळ्यांचे मूळ पडदे. ते पाहून स्थानिक चितारी आपली प्रत उतरवीत. दुसरें, मासिकें, दिनदर्शिका व त्यांतील जाहिराती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनोरंजनानें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला व सचित्र मासिकाची गोडी मराठी वाचकांस लागली; अशीं मासिकें टपालानें लहान गांवांपर्यंत जात. इकडे ४ डिसेंबर १९२८ रोजीं मुंबईंत शिवडी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांतून जुळणी केलेली पहिली शेव्हरोलेट बाहेर पडली. मोटारी देशांत जुळूं लागल्यावर त्यांच्या चित्रमय जाहिराती वाढणें साहजिक होतें, व मोटार घेण्याची ज्यांस ऐपत नव्हती त्यांच्याही घरांत मोटारीचें चित्र आलें. तिसरें द्वार म्हणजे बोलपट व त्यांचीं भित्तिपत्रकें. मंडईंत व जत्रेंत फोटो काढणाराच्या तंबूंत मागें जो रंगीत पडदा किंवा पुढें जी फळीची मोटार उभी करीत, ती याच कुळांतली. त्या फळीच्या मोटारींत बसून काढलेला नवराबायकोचा फोटो पुष्कळ घरांच्या भिंतीवर टांगलेला असे.

५

अशा पडद्याचा काळ कसा ठरवावा, हा संशोधकाचा खरा प्रश्न. चिताऱ्यानें मिति घातलेली क्वचितच सांपडते. अशा वेळीं चित्रांतील वस्तूंवरूनच अनुमान करावें लागतें, आणि त्यास मोटारीसारखी सोयीची वस्तु दुसरी नाहीं. कारण तिचें रूप दर पांचदहा वर्षांनीं पालटत गेलें व त्या पालटाचीं वर्षें निश्चित आहेत.

कार्ल बेन्झ यानें १८८६ सालीं पेटंट घेतलेली गाडी तीन चाकांची, घोडा सोडलेल्या टांग्यासारखी होती. १९०१ च्या मर्सिडीस गाडीपासून पुढें लांब पेटी व तिच्या तोंडाशीं जाळी अशी आज परिचित असलेली आकृति रूढ झाली. दिवे पितळी व कार्बाइडच्या वायूचे असल्यास नमुना साधारण १९१२ पूर्वींचा समजावा. त्या सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीस विजेचे दिवे व आपोआप सुरू होण्याची योजना बसली आणि तो प्रघात पसरला. जाळीच्या माथ्यावर पंख पसरल्यासारखी स्त्रीची मूर्ति काढली असल्यास तो रोल्स-रॉइसचा नमुना होय व तो १९११ पूर्वींचा असूं शकत नाहीं. गाडी उघडी, कापडी छपराची असेल तर नमुना बहुधा १९२५ च्या अलीकडेपलीकडे. त्यानंतर बंद गाड्यांचा प्रचार वाढला. दिवे सुटे न राहतां पंख्यांत बुजलेले दिसले म्हणजे नमुना १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांतला. दाराखालची पायफळी नाहींशी झाली असल्यास तो त्याहूनही अलीकडचा.

भोंवतींच्या शहरावरूनही असेंच ताडतां येतें. मुंबईंत वायूचे दिवे १८६५ सालीं आले. घोड्यांची ट्राम १८७४ सालीं, विजेची ट्राम १९०७ सालीं सुरू झाली व १९६४ सालीं ट्राम बंद पडली. घुमट व टोकदार कमानींच्या इमारती असल्यास चिताऱ्याच्या पुढें १८७८ सालचा राजाबाई टॉवर, १८८७-८८ चें बोरीबंदर किंवा १९०३ चें ताजमहाल हॉटेल यांच्या पिढीचा नमुना असावा. सपाट गच्च्या, गोलाकार कोपरे व आडव्या पट्ट्यांच्या इमारती असल्यास नमुना १९३० नंतरचा. रीगल सिनेमागृह १९३३ सालचें व ईरॉस १९३८ सालचें, तीं याच वळणाचीं. या दोन पिढ्यांच्या इमारतींचा समोरासमोर उभा असलेला समूह २०१८ सालीं जागतिक वारसा ठरला, हें वाचकांस ठाऊकच आहे. चिताऱ्यांनीं ही जोडी फार पूर्वींच एका रस्त्याच्या दोन बाजूंस मांडून ठेविली असल्यास आश्चर्य नाहीं.

परंतु या सर्व खुणांचा उपयोग करतांना एक नियम विसरूं नये. त्यांवरून पडदा कोणत्या सालापूर्वींचा नाहीं एवढेंच सिद्ध होतें; तो त्याच सालचा आहे हें सिद्ध होत नाहीं. चितारी जुन्या पडद्यावरून नवा उतरवितो. त्याच्या गुरूनें १९३५ सालीं काढलेली मोटार तो १९७५ सालींही तशीच काढील. १९५७ पासून रस्त्यावर अँबॅसडर धांवत असली तरी पडद्यावर लांब नाकाची गाडी राहूं शकते, कारण पडद्यास रस्त्याचें वर्तमान नको असतें, वैभवाचें चिन्ह हवें असतें. उलट जुन्या पडद्यावर पुढें रंग चढवितांना एखादी नवी वस्तु घुसडलेली असते. गाडीच्या पाटीवर ‘एम्. एच्.’ अशीं अक्षरें आढळल्यास तीं १९८९ पूर्वींचीं नव्हेत; पण तेवढ्यावरून सगळा पडदा नवा ठरवूं नये. पोथीच्या मजकुरांतला प्रक्षेप जसा निवडावा लागतो, तसाच रंगांतलाही निवडावा लागतो.

आणखी एक खूण आम्हांस महत्त्वाची वाटते. आमच्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात व चक्र उजवीकडे असतें. चित्रांतल्या मोटारीचें चक्र डावीकडे असेल, किंवा ती रस्त्याच्या उजव्या अंगानें येत असेल, तर तो नमुना प्रत्यक्ष मुंबईचा नसून अमेरिकेच्या जाहिरातीवरून घेतलेला असण्याचा संभव फार. अशा वेळीं चिताऱ्यास अज्ञानी म्हणून हंसणें सोपें आहे. संशोधकानें हंसूं नये. लेखनिकाची चूक जशी त्याच्या पुढील मूळ प्रतीचा पत्ता देते, तशीच ही चूक देते.

६

यावर एक आक्षेप येईल तो असा : जें चिताऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, जें त्या गांवांत कधीं नव्हतें, त्याच्या चित्रास पुरावा कसें म्हणावें? आक्षेप वजनदार आहे. त्याचें उत्तर आमच्या शास्त्राच्या जुन्या व्यवहारांतच आहे.

सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर बुद्धाच्या अस्थींसाठीं झालेल्या कुशीनगरच्या वेढ्याचा देखावा कोरलेला आहे. तो कोरणाऱ्यानें वेढा पाहिला नव्हता. त्याच्या व त्या प्रसंगाच्या दरम्यान कित्येक शतकें लोटलीं होतीं. तरीही तटबंदी, वेस, रथ, धनुष्य यांच्या अभ्यासास तें शिल्प आम्ही आधार म्हणून घेतों, आणि योग्य तेंच करितों. तें शिल्प कुशीनगराविषयीं फारसें सांगत नाहीं. कोरणाऱ्याच्या काळाविषयीं व नगर म्हटल्यावर त्या काळीं लोकांच्या मनापुढें काय येई याविषयीं सांगतें. दगडास जो न्याय, तोच कापडास.

म्हणून आम्ही सिद्धान्त असा मांडतों : पडद्यावरील मोटार ही त्या गांवांतील मोटारीचा पुरावा नव्हे, गांवानें शहराविषयीं काय मानलें याचा ती पुरावा होय. पहिला प्रश्न विचारल्यास ती खोटी साक्ष देईल. दुसरा विचारल्यास तिच्याइतका प्रामाणिक साक्षीदार मिळणें कठीण, कारण आपण साक्ष देत आहों याची तिला जाणीवच नाहीं.

अर्थात् या साक्षीचीही मर्यादा आहे. चित्र जें गाळतें तें आपण अन्य साधनांनीं भरून काढलें पाहिजे. मोटार, बंगला व समुद्राकांठची शांत टेकडी असा देखावा रंगवावा तर मलबार हिलचा. त्याच मलबार हिलवर १२ जानेवारी १९२५ रोजीं सायंकाळीं अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारींतून आलेल्या टोळीनें अडविली, त्याचा खून केला, व पूर्वीं इंदूर दरबारच्या आश्रयास असलेल्या मुमताज बेगमेस पळवून नेण्याचा यत्न केला. खटला देशभर गाजला. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांस १९२६ सालीं गादी सोडावी लागली. या प्रकरणावरून १९२५ सालींच मूकपटही निघाला. वैभवाची मोटार व वैभवाचा रस्ता यांचें दुसरें तोंड तें हें. पडद्यावरचा रस्ता मात्र नेहमीं निर्धास्तच राहिला. गिरणींतला कामगार, चाळ, पाण्याची रांग यांस त्या रस्त्यावर जागा नव्हती. झाडींतून पोटासाठीं शहरांत गेलेल्या माणसास मोटारीऐवजीं तींच प्रथम भेटलीं असणार. पडद्यानें जें शहर दाखविलें तें खरें मानून किती जण गेले, हें पडदा सांगूं शकत नाहीं.

७

शेवटीं या साधनाच्या आजच्या स्थितीविषयीं दोन शब्द. पडदा जाड्याभरड्या कापडाचे पट्टे शिवून, त्यास खळीचा हात देऊन, सरसांत कालविलेल्या रंगांनीं रंगवितात. असा रंग पाण्यास टिकत नाहीं. पडदा वेळूवर गुंडाळावा व सोडावा, यांत घडीघडीस रंगाचे पापुद्रे उडतात. पावसाळ्यांत ओल, बाराही महिने उंदीर व वाळवी हे त्याचे वैरी. पडदा जुना झाला कीं त्यावरच नवा हात फिरवितात. अगदींच विटला तर तो धान झांकण्यास किंवा मांडवास लागतो. अलीकडे छापील फ्लेक्स स्वस्तांत मिळूं लागल्यापासून हाताच्या रंगाचें काम कमी होत चाललें आहे. झाडीपट्टीची रंगभूमि जिवंत आहे. तिचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्रीनें गौरविण्यांत आलें. नटाचा गौरव झाला ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच्या मागें रात्रभर टांगलेल्या कापडाची दखल मात्र अजून व्हावयाची आहे.

ज्या पिढीनें दफ्तरें रद्दीच्या भावानें जातांना पाहिलीं, तिनें घरोघर फिरून तीं वांचविलीं, म्हणून आज आम्ही मराठ्यांचा इतिहास लिहूं शकतों. कागदाच्या बाबतींत जें झालें तें पडद्याच्या बाबतींत होण्यास फार थोडा अवकाश उरला आहे. यास्तव भंडारा व शेजारच्या जिल्ह्यांतील शिक्षक, विद्यार्थी व नाट्यमंडळांचे चालक यांस आमची विनंती आहे. आपल्या गांवच्या मंडळापाशीं जुना रंगीत पडदा असल्यास तो उघड्या प्रकाशांत पूर्ण सोडून त्याचें छायाचित्र घ्यावें, लांबी-रुंदी मोजावी, कोपऱ्यांत चिताऱ्याचें नांव, देणगीदाराचें नांव किंवा साल आहे काय तें पाहावें, वरचा रंग उडालेल्या जागीं खालीं दुसरें चित्र दिसतें काय तें बारकाईनें तपासावें. मोटार असल्यास तिचे दिवे, पंखे, चक्राची बाजू व पाटी यांचीं वेगळीं चित्रें घ्यावीं. पडदा कोणीं रंगविला, त्यापुढें नमुना कोणता होता, मोबदला काय दिला, हें गांवच्या वृद्धांस विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावें. पडदा धुऊं नये व त्यावर नवा रंग चढवूं नये.

हें काम कोणासही करतां येण्याजोगें आहे. त्यास मोडी यावी लागत नाहीं, संस्कृत यावें लागत नाहीं, द्रव्यही फारसें लागत नाहीं. बंडींत बसून आलेल्या आमच्या आज्यापणज्यांनीं ज्या मोटारीकडे रात्ररात्र पाहिलें, ती वाळवीनें खाण्यापूर्वीं एकदां नीट पाहून टिपून ठेवणें, एवढेंच मागणें आहे.